सुभद्राचा काळा स्वेटर

सुभद्रा गेल्याचं मला भर दुकानात कळलं. सकाळचे साडेदहा झाले असतील. हसनाबादहून आलेलं एक गिऱ्हाईक चादरींची चौथी थप्पी उलगडायला लावत होतं, आणि फोनवर सुभद्राची सून अर्चना नुसती रडत होती. "काकू, आत्या गेल्या..." एवढंच तिला बोलता आलं. त्यांच्यात सासूला आत्या म्हणतात. मी हातातली चादर तशीच टाकली आणि निघाले. भोकरदनात आमच्या कापड दुकानापासून तिचं घर चालत दहा मिनिटांवर. पोचले तर अंगण बायकांनी भरलेलं. पुण्याहून मुलगी यायची होती म्हणून सगळे थांबले होते. मी सुभद्राच्या पायाशी बसले. थोड्या वेळानं गल्लीतली एक बाई सरकत सरकत माझ्याजवळ आली. डोळ्याला पदर होता तिच्या, खोटं कशाला बोलू. पदर तसाच धरून तिनं हळूच विचारलं, "पुष्पाबाई, आमच्या बंटीचा स्वेटर झाल्ता का हो? तुम्हाला काही बोलल्या व्हत्या का?"

मी त्या बाईला काय बोलले ते इथे लिहीत नाही. मयताच्या दारात बोलू नये असं बोलले. पाच आठवडे झाले, तिची माफी मागावी असं मला अजून वाटलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे, पण ज्यांना गोड वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं. मला राग आलेला आहे. तो बंटीच्या आईचा आहे, गल्लीचा आहे, सुभद्राचासुद्धा आहे, आणि सगळ्यात जास्त कुणाचा आहे ते शेवटी सांगते, कारण ते सांगायला मलाच जड जातंय.

सुभद्रा धनगराच्या घरची. माहेर हसनाबादच्या पलीकडे, बापाची मेंढरं होती आणि काका घोंगड्या विणायचे. मी मारवाड्याची, तीन पिढ्या भोकरदनात, घरात मारवाडी आणि गल्ल्यावर मराठी. आमची गाठ पडायचं तसं कारण नव्हतं. तिनं वीस वर्षं शाळेत पोरांची खिचडी शिजवली, गुडघे बोलायला लागले तेव्हा ते काम सोडलं, आणि त्याच आठवड्यात ती आमच्या दुकानात उशीच्या अभ्र्यांचं कापड घ्यायला आली. कापडाच्या ठाणांखाली टेकू म्हणून आम्ही एक लांबलचक पत्र्याची पेटी ठेवली होती. तिनं विचारलं, "ह्याच्यात काय हाये?" मी म्हणाले, स्वेटर विणायचं मशीन. माझ्या जाऊबाईंनी लग्नात आणलं होतं, सहा महिने क्लास केला, मग बाळंतपण आलं आणि पेटी बंद झाली ती बंदच. सुभद्रा खाली बसली. तिनं पेटीवरची धूळ तळहातानं पुसली आणि म्हणाली, "उघडता का जरा? नुसतं बगते."

आमच्या भागात स्वेटर म्हणजे दीड महिन्याचा पाहुणा. आठ महिने ऊन, मग थोडा पाऊस, आणि दिवाळीनंतर सकाळी अंगावर काटा येईल एवढी थंडी. तेव्हा ही बाई स्वेटरचं मशीन घेऊन करणार काय, असा प्रश्न माझ्या नवऱ्याला पडला, तिच्या मुलाला पडला आणि गल्लीतल्या प्रत्येकाला पडला. ती कुणालाच धड उत्तर देत नव्हती. मला मात्र एकदा दुपारी तिनं सांगितलं. तिच्या घरात बायांनी लोकरीचं सूत काढायचं आणि गड्यांनी मागावर बसायचं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बाई बसली तर तिला लगेच उठवायचे. ती नऊ-दहा वर्षांची असताना काका जेवायला गेल्यावर गुपचूप बसली होती, दोन फेरे टाकले, आणि आईनंच पाठीत धपाटा घालून उठवलं. "सूत आमच्या आईचं, घोंगडी काकाची," ती म्हणाली. "अख्ख्या गावानं पांघरली आमच्या घरची लोकर. मला मातर लग्नात दुकानातली चादर दिली, पुष्पाबाई. तुमच्याच दुकानातली आसंल."

तिची आई गेली तेव्हा भावांनी काय काय वाटून घेतलं ते घेतलं. हिनं फक्त एक गाठोडं मागितलं, आईनं हातानं काढलेल्या काळ्या सुताचं. भावांना ते सुटल्यासारखंच वाटलं असणार. ते गाठोडं सतरा वर्षं तिच्या कपाटावर होतं, कडुनिंबाचा पाला घालून जपलेलं. त्याचा तिला स्वेटर करायचा होता, स्वतःसाठी, स्वतःच्या मापाचा आणि स्वतःच्या हातानं केलेला. तिला बाकी काहीही नको होतं. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती आपण सगळ्यांनी मिळून होऊ दिली नाही.

मशीन तिच्या घरी गेलं. टेबलाला दोन शिकंज्यांनी ते घट्ट बसवलं. दोनशे सुया एका ओळीत, प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा आणि त्याला उघडझाप करणारी बारीकशी जीभ. त्यावरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकवायचा एक ठोकळा, त्याला आम्ही गाडी म्हणायचो. गाडी एकदा ओढली की एक ओळ विणून झाली, असं ऐकायला सोपं. पहिले पंधरा दिवस गाडी ओढली की सगळंच्या सगळं सुयांवरून सुटून तिच्या मांडीवर पडायचं. जाऊबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला आता काही आठवत नाही. शेवटी अर्चनाच्या फोनवर एका पांढऱ्या केसांच्या परदेशी बाईचे व्हिडिओ सापडले. ती काय बोलते ते आम्हाला कळेना म्हणून आम्ही आवाज बंद केला आणि नुसते हात बघितले. त्यातून कळलं की सुयांना वरून दाबून धरणारी स्पंजची पट्टी असते, ती आमच्या मशीनमध्ये तीस-पस्तीस वर्षांत भुगा होऊन गेली आहे. सुभद्रानं नातवाच्या फाटक्या दप्तराच्या पट्ट्यातला स्पंज कापून बसवला. विणलेल्याला खालून वजन लागतं असंही कळलं, तर मी आमच्या जुन्या तराजूची वजनं नेऊन दिली, आणि ती तिनं वाकवलेल्या सायकलच्या तारांनी खाली टांगली. मग एके दिवशी गाडी गेली, आली, गेली, आणि काहीच पडलं नाही. वीतभर पांढरी पट्टी खाली उतरली. सुभद्रानं ती गालाला लावली. इतकं खूश मी तिला नंतरही कधी पाहिलं नाही.

त्याच भरात तिनं ती मोठी चूक केली, जी फक्त तिच्या घरची बाईच करू शकते. हातानं काढलेलं सूत मशीनवर तुटेल म्हणून तिला धास्ती होती. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात, मग ते ताणलं तरी तुटत नाही. हे तिनं जन्मापासून बघितलेलं. तिनं चिंचोके भिजवले, वाटले, शिजवले, आणि आईच्या त्या काळ्या सुतातल्या दोन लडींना झकास खळ चढवून वाळवली. मला मुद्दाम निरोप धाडून बोलावलं. सूत तारेसारखं ताठ झालेलं. गाडी निम्म्यापर्यंत गेली आणि अडली ती अडलीच. खळ सुयांच्या जिभांमध्ये शिरून बसली होती. दोघींनी तीन दिवस एकेक सुई काढून कोमट पाण्यात भिजवली, दात घासायच्या ब्रशनं घासली, शिलाई मशीनचं तेल लावून परत बसवली. मी वैतागले होते. तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. "दोनशे जनींचे दात घासले बगा," म्हणाली. "काकाला कळलं तर वरून उतरून मला उठवंल." नंतर तिचं तिलाच सुचलं, की जाड सूत असेल तर एक सोडून एक सुई वापरायची. मला शप्पथ ते सुचलं नसतं, आणि त्या व्हिडिओवाल्या बाईनं ते सांगितलं असलं तरी आम्ही तिचा आवाज बंद केला होता. त्या हिवाळ्यात काळ्या स्वेटरची पाठ पूर्ण झाली. मोहरीएवढीही गाठ नाही, बराबर तिच्या खांद्यांच्या मापाची.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. इथून पुढे मी येते.

मी दुकानदाराच्या घरातली. कुणी काही चांगलं केलेलं पाहिलं की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'विकायला काढ'. तिनं सवय व्हावी म्हणून बाजारच्या लोकरीचा एक लहान लाल स्वेटर विणला होता. मी त्याचा फोटो काढून दुकानाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपल्या भोकरदनच्या सुभद्राताईंची कला'. मला वाटलं मी तिचं भलं करतेय. आठ दिवसांत तिच्या दारात लोक. शाळेचे निळे स्वेटर, बाळाच्या टोप्या, जवखेड्याच्या कुणाचा तरी मफलर. कुणी पैसे द्यायचं, कुणी 'मावशी, तुमची हौसच हाय ना' म्हणून नुसती लोकर ठेवून जायचं. ही 'हौस' मला फार चांगली कळली आहे आता. पुरुष पत्ते खेळतो तेव्हा त्याला कुणी म्हणत नाही, बसलाच आहेस तर माझंही एक काम कर. बाई हौसेनं काही करायला लागली की लोकांना फक्त दोन मोकळे हात दिसतात.

आणि ते मशीन असं, की त्यावर एका वेळी एकच तुकडा बसतो. निळा स्वेटर सुरू करायचा तर काळा खाली उतरवायला लागणार. त्यासाठी ती काळ्याच्या शेवटच्या ओळीला फालतू लाल धाग्याच्या चार ओळी विणायची, म्हणजे टाके सुटत नाहीत, आणि सगळं कापडी पिशवीत गुंडाळून ठेवायची. परत चढवताना एकेक टाका सुईवर घ्यायचा, मग लाल धागा उसवायचा. एका बैठकीचं काम. दोन-चार ओळी होतात न होतात तोच दारात कुणीतरी यायचंच. पाठ एका हिवाळ्यात झाली होती. पुढची बाजू दोन हिवाळे काखेपर्यंतसुद्धा पोचली नाही. किती वेळा तो तुकडा चढला आणि उतरला ते मी मोजलं नाही. आईच्या सुताला काठावर लव सुटायला लागली होती.

मी तिला रागावायचे. एवढं तरी मी केलं, असं मला वाटायचं. म्हणायचे, "अगं, सांगत जा की सरळ, मशीन रिकामं न्हाई." ती म्हणायची, "कसं म्हनू? लेकरू कुडकुडून राह्यलं. माझ्या हातची खिचडी खाल्लेली पोरं हायेत ही. आता त्येंचे लेकरं हायेत." मी म्हणायचे, "मंग तू कधी घालणार?" ती म्हणायची, "थंडी काय पळून चालली का?" मी तिच्याकडून ते वाक्य पाठसुद्धा करून घेतलं होतं. मी गिऱ्हाईक व्हायचे, दारातून आत यायचे, केविलवाणं तोंड करून लोकर पुढे करायचे. ती पदरात तोंड खुपसून हसत म्हणायची, "मशीन रिकामं न्हाई हो बाई." आम्ही दोघी साठीला आलेल्या बाया असा खेळ खेळत होतो. तिला ते वाक्य छान जमायचं. खरं माणूस दारात आलं की मात्र गिळून टाकायची.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. थंडी नुकतीच सुरू झालेली. मी दुपारी गेले तर मशीनवर काळा तुकडा. ती मान खाली घालून गाडी ओढत होती आणि मी आल्याचं तिला कळलंच नाही. मी उंबऱ्यात थोडा वेळ उभी राहिले. खर्र... खर्र... एवढाच आवाज. मग ती थांबली आणि डावा हात चोळायला लागली. मी विचारलं, काय झालं? "आठ दिवस झाले, भरून येऊन राह्यला हात. गाडी ओढून असंल." मी म्हणाले, "असेल, जरा बेतानं घे." गाडी ती उजव्या हातानं ओढायची. तीन वर्षं मी तिच्या शेजारी बसले होते, मला ते माहीत होतं. आणि मी म्हणाले, असेल.

माझ्या हातात पिशवी होती. त्यात जांभळी लोकर होती. माझ्या मुलीची मुलगी पिहू संभाजीनगरला असते, तिच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं, तिला जांभळा स्वेटर हवा होता, आजीच्या मैत्रिणीनं विणलेला, कारण मीच तिला फोनवर रंगवून सांगितलं होतं. मी पिशवी टेबलावर ठेवली. सुभद्रानं पिशवीकडे पाहिलं, मग मशीनवरच्या काळ्या तुकड्याकडे, मग माझ्याकडे. आणि म्हणाली, "पुष्पाबाई, मशीन रिकामं न्हाई."

मी हसले. मला वाटलं, खेळ चाललाय. मी म्हणाले, "वा, मला पण का? माझ्यावरच आजमावून राह्यली का?" ती क्षणभर तशीच बघत राहिली... मग तीसुद्धा हसली. "न्हाई, न्हाई. ठिवा. किती दिवसांत पाहिजे?" मी म्हणाले, पंधरा दिवसांत. चहा घेतला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि घरी आले. अकराव्या दिवशी अर्चनाचा फोन आला.

तिला नेल्यावर बायका पांगल्या. मी आत गेले. मनात हेच, की काळा तुकडा मशीनवर असेल, निदान तेवढा तरी तिच्याजवळ असेल. मशीनवर जांभळं होतं. पाठ झालेली, पुढची बाजू गळ्यापर्यंत आलेली, खाली आमच्या तराजूची वजनं लटकत होती. काळा पिशवीत होता, लाल धाग्यावर उतरवलेला. अर्चना मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "सकाळी चहा घेऊन मशीनवर बसल्या. म्हन्ल्या, पुष्पाबाईचं तेवढं जल्दी उरकून टाकते, मंग माझं चढवते. मी आत भाकरी करत व्हते. आवाज थांबला म्हनून बघितलं तर मान टेकवून बसल्यात."

म्हणजे बंटीच्या आईनं निदान विचारलं तरी. माझा स्वेटर तर तिच्या शेवटच्या सकाळपर्यंत चालूच होता. अंगणात मी ज्या बाईवर तोंड टाकलं तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मला ती नाही म्हणाली होती. आयुष्यात एकदा, एकाच माणसाला, जिनं तिला ते म्हणायला शिकवलं तिलाच. आणि मी हसले.

मला तुझाही राग येतो, सुभद्रा. दुसऱ्यांदा का म्हणाली नाहीस? ओरडली का नाहीस? पिशवी उचलून अंगणात का भिरकावली नाहीस? मी चार दिवस रुसले असते, पाचव्या दिवशी आले असते. तुला काय वाटलं, मी येणार नाही? तेराव्याला भाषणं झाली. कुणीतरी उठून म्हणालं, ताई दुसऱ्यांसाठी जगल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला उठून सांगायचं होतं की ती दुसऱ्यांसाठी जगली नाही, आपण तिला दुसऱ्यांसाठी वापरलं, आणि तिला ते नको होतं, मला माहीत आहे, माझ्या तोंडावर सांगितलं होतं तिनं. पण मी गप्प बसले. जिथे बोलायला हवं तिथे मीही गिळतेच.

अर्चनानं मशीन माझ्याकडे परत पाठवलं. "आमच्यात कोनाला येत न्हाई काकू, तुमचंच हाये," म्हणाली, आणि काळ्या सुताची पिशवी माझ्या हातात दिली. "मी एकदाबी इचारलं न्हाई, आत्या, हे कोनाचं विनून राह्यल्या." मी तिला जवळ घेतलं. तिच्यावर मला रागावता येत नाही, तेवढा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल मांडून मी मशीन बसवलं. जांभळा तुकडा उतरवला आणि उसवून टाकला. मग काळ्या तुकड्याचा एकेक टाका सुईवर घेतला, एक सोडून एक. तिला एक बैठक लागायची, मला दोन दिवस लागले. सहा टाके सुटले, ते परत धरले. लाल धागा उसवला. खाली वजनं टांगली. गाडीला हात लावला नाही. लोक विचारतात, पूर्ण करणार का? पूर्ण करून कुणाला घालू? तिच्या मापाचा आहे तो, आणि तो तिनंच विणायचा होता. मी रोज सकाळी दुकान उघडताना तिथे जाते, सुयांना तेलाचा थेंब देते, काठावर सुटलेली लव बोटानं खाली बसवते आणि बाहेर येऊन गल्ल्यावर बसते.

परवा संध्याकाळी मुलीचा फोन आला. संमेलन परत पुढे ढकललंय म्हणाली, बरंच झालं, वेळ मिळाला. "मम्मी, मशीन आता तुझ्याकडेच आहे ना? तुला पण येतं थोडंफार. पिहूचा स्वेटर तूच करून टाक ना."

मी म्हणाले, "मशीन रिकामं न्हाई."

ती हसली. मी हसले नाही. मग तिनं वेगळ्या आवाजात विचारलं, "कुणाचं चाललंय?"

"सुभद्राचं," मी म्हणाले.